चिकनचं कवच सुटतं, वॉफल सादळतो: दर रविवारी होणारा घोळ कसा निस्तरायचा

तंगडी कढईतून काढेपर्यंत सगळं झकास असतं. रंग सोनेरी, चिमट्याने टकटक केलं तर आवाजही खणखणीत. दहा मिनिटांनी ताटात घेऊन पहिला घास घ्यावा, तर सदऱ्याच्या बाहीसारखं अख्खं कवच हातात येतं आणि आतली पांढरी, ओली कातडी उघडी पडते. खालचा वॉफल (साच्यात भाजलेला, चौकोनी खळग्यांचा; अमेरिकेत तळलेलं चिकन त्यावर वाढतात) तोवर सादळलेल्या पापडासारखा झालेला. सुरीने कापायला जावं तर तो कापला जात नाही, नुसता ताणला जातो.

हे एकदाच झालं असेल तर सोडून द्या, एखादा घाणा बिघडतोच. पण पीठ बदललं, तेल बदललं, नवा वॉफल मेकर आणला, तरी दर वेळी हेच होत असेल तर पुढे वाचा. माझ्याकडे जवळजवळ दोन वर्षं दर रविवारी हेच चाललं होतं.

मी अटलांटाच्या उत्तरेला राहतो. इकडे फ्राइड चिकन म्हणजे आपल्याकडच्या मिसळीसारखं प्रकरण आहे: ज्याचं त्याचं ठाम मत, आणि बाकीच्यांचं चूक. आमच्याहून आणखी उत्तरेला गेन्सव्हिल नावाचं गाव आहे, ते स्वतःला कोंबड्यांची जागतिक राजधानी म्हणवतं. तिथे १९६१ साली फ्राइड चिकन काट्याने खायला बंदी घालणारा नियम केला गेला. प्रसिद्धीसाठी केलेली गंमत होती ती, पण नियम खराच झाला. अशा मुलखात सांगलीहून आलेल्या माणसाने चिकन तळायचं म्हणजे कोल्हापुरात जाऊन तांबडा रस्सा शिकवण्यासारखंच.

माझी चूक सापडली ती ऑफिसातल्या एका मित्रामुळे. तो मूळचा जॉर्जियातल्याच मेकन गावचा. एका रविवारी घरी जेवायला आला होता. मी तळलेले तुकडे काढले, स्टीलच्या कॅसरोलमध्ये पेपर टॉवेल घालून त्यावर टाकले आणि झाकण लावलं. पोळ्या ठेवतो तो डबा. मित्र ओट्यापाशीच उभा होता. म्हणाला, "ते बंद कशाला केलंस?" म्हटलं, गरम राहावं म्हणून. त्याने झाकण उचललं, उलटं केलं आणि माझ्यासमोर धरलं. आतून पाण्याचे थेंब लोंबत होते. दोन मिनिटंही झाली नव्हती.

ते पाणी माझ्याच चिकनमधून निघालं होतं आणि परत चिकनवरच ठिबकणार होतं.

मग एकेक धागा सुटत गेला. कवच सुटणं, वॉफल वातड होणं, वरून करपूनही आत ओलं राहणं, या मी वेगवेगळ्या तक्रारी समजत होतो. निम्म्याहून अधिक वेळा गुन्हेगार एकच निघाला, कोंडलेली वाफ. पाण्याची वाफ झाली की ती साधारण सतराशे पट जागा घेते, म्हणजे चमचाभर पाण्याची आठ लिटरहून जास्त. कढईतून काढल्यावरही तुकड्याच्या आत ती बनतच असते. बाहेर जायला वाट मिळाली तर कवच कोरडं राहतं. वाट नसेल तर कातडी आणि कवच यांच्या मध्ये पाणी होऊन बसते आणि कवच फुगून सुटतं. आपण वाफेवर वाढलेली माणसं, मोदकापासून ढोकळ्यापर्यंत सगळं झाकून करणारी. गरम पदार्थ उघडा दिसला की हात आपोआप झाकणाकडे जातो. पण दिवाळीत चकल्या गरम असताना डब्यात भरल्या तर काय होतं हे घरातल्या लहान पोरालाही माहीत असतं. त्या आपण परातीत पसरून गार करतो. मग चिकनला कॅसरोल कशाला?

आधी सुटलेलं कवच उलटून बघा

उपाय करण्याआधी रोग ओळखायला हवा, आणि तो कवचाच्या आतल्या बाजूवर लिहिलेला असतो. मी आता सवयीने बघतो.

आतली बाजू नितळ आणि कातडी ओली दिसत असेल, तर तळणं ठीक झालं होतं. नंतर झाकलंत किंवा तुकडे एकमेकांवर रचलेत. आतल्या बाजूला पांढऱ्या, चिकट खळीसारखा थर असेल, तर पीठ जाड बसलं होतं किंवा चिकन निथळलं नव्हतं. कवच तेलातच गळून तळाशी बसलं असेल, तर तेल पुरेसं तापलं नव्हतं किंवा तुम्ही तुकडा लवकर हलवलात.

तिसरा प्रकार सर्वांत सोपा, म्हणून तो आधी. तुकडे तेलात सोडले की पहिली तीन-चार मिनिटं हात मागे बांधून उभे राहा. बटाटेवड्याला आपण लगेच झारा लावतो, कारण बेसनाचं ओलं आवरण झटकन बांधलं जातं. इथे कोरडं पीठ आतल्या ओलाव्याने भिजून मग बांधलं जायचं असतं, त्याला वेळ लागतो. तेवढ्यात चिमटा लावला की खालची बाजू कढईलाच राहते.

पांढऱ्या खळीवर उपाय दोन. चिकन ज्यात मुरवलं त्या दाट ताकातून, म्हणजे बटरमिल्कमधून काढल्यावर प्रत्येक तुकडा भांड्याच्या काठाशी धरून पूर्ण निथळू द्या. थेंब पडायचे थांबले की मग पीठ. पिठात घोळवताना तळहाताने दाबून बसवा आणि मग तुकडा झटका. सैल पीठ जेवढं अंगावर राहील तेवढी खळ. नंतर हे घोळवलेले तुकडे जाळीवर वीस मिनिटं ते अर्धा तास नुसते ठेवायचे. ही पायरी मी दोन वर्षं गाळत आलो होतो, कारण वेळ फुकट गेल्यासारखा वाटायचा. खरं तर त्या वेळात पीठ ओलावा पिऊन कातडीला धरून बसतं. ठेवताना तुकडा पांढराशुभ्र दिसतो, वेळ झाल्यावर फिकट मातकट होतो आणि कोरडा ठिपका कुठे दिसत नाही. दिसलाच तर तेवढ्या जागी थोडं पीठ चोपडा. फ्रिजमधून काढलेलं गारठलेलं चिकन थेट तेलात जाऊ नये, हेही या अर्ध्या तासात साधतं.

पहिल्या प्रकारावर, म्हणजे नंतरच्या वाफेवर, उपाय एका जाळीत आहे. केक गार करायची तारेची जाळी घ्या, ती ट्रेवर ठेवा, तुकडे एकमेकांना न टेकता मांडा. खालून हवा खेळली पाहिजे. पेपर टॉवेलवर ठेवाल तर तुकड्याची खालची बाजू स्वतःच्याच वाफेत भिजते. तेल टिपायचंच असेल तर चिमट्यात धरून तुकडा क्षणभर कढईवर निथळवा आणि कागदावर फार तर अर्धं मिनिट टेकवा. तळलेला पदार्थ बरंचसं तेल बाहेर काढल्यानंतर, गार होताना आत ओढून घेतो, त्यामुळे निथळवायचं ते लगेच.

गरम ठेवायचंच असेल तर ओव्हन २०० फॅरनहाइटवर, म्हणजे ९३ सेल्सिअसच्या आसपास, आणि त्यात तीच जाळी. अर्धा-पाऊण तास कवच जसंच्या तसं राहतं. वर फॉइल पांघरू नका.

एक गोष्ट मात्र तुम्हाला गोंधळात टाकेल. इथल्या जुन्या सुगरणी लोखंडी तव्यात चिकन तळताना सुरुवातीला झाकण ठेवतात. ते मुद्दाम असतं: तेल कमी, जेमतेम अर्ध्या तुकड्यापर्यंत, आणि वरची बाजू शिजायला वाफ हवी. पण तुकडा उलटला की त्या झाकण काढतात आणि पुढचं सगळं तळणं उघड्यावर होतं. झाकण ठेवायचं कधी यापेक्षा काढायचं कधी हे त्यांना नेमकं कळतं. मला अजून कळत नाही, म्हणून मी खोल कढईत उघडंच तळतो.

प्रमाण

माझं प्रमाण असं. दीड किलोच्या आसपासची कोंबडी, कातडीसकट, आठ किंवा दहा तुकडे. मीठ चिकनच्या वजनाच्या सव्वा टक्का, म्हणजे दीड किलोला १८ ते २० ग्रॅम. हे मीठ आधी तुकड्यांना चोळायचं. मग दोन कप बटरमिल्क, काळी मिरी, लसूण पावडर, थोडं तिखट. फ्रिजमध्ये किमान चार तास, जास्तीत जास्त रात्रभर. दोन-दोन दिवस ठेवलं तर आंबटपणामुळे मांस वरून पिठूळ लागतं.

घोळवायला ३०० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम कॉर्नस्टार्च, एक चमचा बेकिंग पावडर, मीठ, मिरी, पॅप्रिका. त्यात तीन मोठे चमचे बटरमिल्क शिंपडून बोटांनी चोळायचं, म्हणजे पिठात बारीक गुठळ्या होतात. त्याच नंतर तळून खडबडीत, कुरकुरीत कवच होतात. पुरणपोळीची कणीक मळताना गुठळी दिसली की आई रागावायची, इथे ती मुद्दाम करायची आहे.

भारतात करणाऱ्यांसाठी तीन सूचना. आपलं ताक पातळ असतं, ते पिठाला धरून राहत नाही. इथलं बटरमिल्क विरजलेलं आणि दाट असतं, त्यामुळे घट्ट दह्यात थोडं पाणी घालून ते भज्याच्या पिठाइतकं सैल करा. दुसरं, चिकनवाला न सांगता कातडी काढूनच देतो, त्याला आधीच सांगून ठेवावं लागतं. कातडी नसेलच तर मांडीचे तुकडे घ्या आणि तळायची वेळ थोडी कमी करा. छातीचा कातडी काढलेला तुकडा कोरडा पडतो, त्याच्यापुढे मी तरी हात टेकले. तिसरं तेलाचं. इकडे दक्षिणेत चिकन तळायला शेंगदाणा तेल मानाचं समजतात आणि ते तर आपल्या घरातलंच. फक्त रिफाइंड घ्या. घाण्याच्या तेलाला स्वतःचा वास असतो आणि ते लवकर धुरकटतं.

आणि इकडे नव्याने आलेल्यांसाठी एक. आपण ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतो, ती पांढरी, बोटांत करकरणारी पावडर, अमेरिकेत कॉर्नस्टार्च या नावाने मिळते. इथे कॉर्न फ्लोअर लिहिलेलं पाकीट उचललंत तर मक्याचं बारीक पीठ हातात येईल. मी पहिल्या वर्षी तेच आणलं. चिकनला मक्याच्या भाकरीची चव आली. वाईट नव्हती, पण कवच जड आणि रवाळ झालं, आणि मी मात्र महिनाभर मैद्याला दोष देत बसलो.

बाहेर करपतं, हाडाशी कच्चं राहतं

अमेरिकेतल्या दुकानात मिळणारा छातीचा एकेक तुकडा आपल्याकडच्या छोट्या कोंबडीच्या निम्म्याला असतो. तो शिजेपर्यंत तंगडी कोळसा होते. म्हणून छातीचा प्रत्येक तुकडा हाडासकट आडवा कापून दोन करा. सुपरमार्केटात साडेतीन पौंडांपर्यंतची अख्खी कोंबडी मिळाली तर तीच घ्या, मोठीच्या नादी लागू नका.

तेलाचा थर्मामीटर घ्या. मी आधी पिठाचा थेंब टाकून, तो वर आला की तेल तापलं असं समजायचो. तो अंदाज पुरीला पुरतो, पुरीचं काम अर्ध्या मिनिटाचं. इथे तुकडा बारा-पंधरा मिनिटं तेलात असतो. सुरुवात ३५० फॅरनहाइटला करा, म्हणजे १७५ सेल्सिअसला. तुकडे सोडल्यावर ते झपकन उतरतं, आणि उतरायलाच हवं. मग आच अशी धरा की तेल ३२५ च्या, म्हणजे १६०-१६५ सेल्सिअसच्या आसपास राहील. ३०० फॅरनहाइटच्या खाली बराच वेळ राहिलं तर चिकन तेल पितं, ३५० च्या वर राहिलं तर पॅप्रिका काळी पडते. बारा इंची तव्यात चारच तुकडे. पाचव्याला जागा आहे असं वाटतं, पण तो पाचवाच तेल थंड करतो.

शिजलं की नाही हे मांसाच्या आतल्या तपमानावर ठरवा. हाडाला न टेकवता सुई खोल घाला. कोंबडीसाठी अमेरिकन सरकारची सुरक्षित मर्यादा १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस. छातीला तेवढ्यावर थांबा. मांडी आणि तंगडी मात्र १७५ ते १८० फॅरनहाइटपर्यंत जाऊ द्या, तिथे चिवट पेशीजाल विरघळून मांस सुटं होतं. १६५ ला काढलेली मांडी खाण्यालायक असते, पण रबरासारखी लागते. रंगावर विसंबू नका. कोवळ्या कोंबडीच्या हाडातला मगज शिजताना झिरपतो, त्यामुळे पूर्ण शिजलेल्या तंगडीतही हाडाशी लालसर डाग दिसतो. आमची मुलगी तो बघून ताट सरकवायची. आता तिला थर्मामीटरचा आकडा दाखवतो, तेव्हा कुठे खाते.

रंग आला आणि आकडा आला नाही तर आणखी तळत बसू नका. तुकडा जाळीवर ठेवून ३२५ फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये ढकला, आकडा येईपर्यंत. यात कमीपणा नाही.

थर्मामीटर हाताशी नसला तर कान वापरा. तुकडे सोडले की तेल जोरात चुरचुरतं, तो पाणी निघण्याचा आवाज. तो हळूहळू मंद होत जातो. एकदम बंद झाला तर मात्र मांस कोरडं झालं समजा.

वॉफल मऊ पडतो

चिकनचं गणित सुटल्यावर मला वाटलं, वॉफल म्हणजे काय, सोपं. पण तो हट्टी निघाला.

पहिली चूक वेळेची. मशीनचा दिवा हिरवा झाला की आपण उघडतो. तो दिवा साच्याच्या तपमानाचा, वॉफल झाल्याचा नव्हे. मशीनच्या कडेने वाफेच्या धारा येत असतात, त्या जवळजवळ थांबल्या की मग उघडा. माझ्या मशीनला त्यासाठी दिव्यानंतर आणखी दीड-दोन मिनिटं लागतात. तुमचं वेगळं असेल, एक वॉफल बळी देऊन बघा.

दुसरी चूक रचण्याची. जाहिरातीत वॉफलची चळत दिसते, वर लोण्याचा तुकडा घसरत असतो. घरी चळत रचलीत की खालचे सगळे सादळले. एकेक काढून चिकनच्याच जाळीवर, त्याच २०० फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये. ओव्हनमधून काढल्यावर मऊ वाटला तरी घाबरू नका, उघड्यावर मिनिटभर ठेवला की कडक होतो.

तिसरी गोष्ट पिठाची. माझं प्रमाण: २०० ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम कॉर्नस्टार्च, एक मोठा चमचा साखर, दोन चमचे बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, पाऊण चमचा मीठ, दुसऱ्या भांड्यात पावणेदोन कप बटरमिल्क, दोन अंड्यांचा पिवळा बलक, अर्धा कप तेल. अंड्यांचा पांढरा भाग वेगळा फेसून शेवटी हलक्या हाताने मिसळायचा. लोण्याऐवजी तेल का, तर लोण्यात १६-१७ टक्के पाणीच असतं आणि आपलं भांडण पाण्याशी आहे. स्वाद हवा असेल तर तूप वापरा, मी वापरतो. शंकरपाळ्यांना मोहन कमी पडलं की त्या कडक होण्याऐवजी चामड्यासारख्या होतात, तसंच इथे. स्निग्धांश कमी केलात की वॉफल वातड होणारच. आणि पीठ फेटू नका. कोरडं-ओलं एकत्र करून आठ-दहा वेळा उलथलं की बास, गुठळ्या राहिल्या तर राहू द्या.

साखर वाढवायचा मोह होतो कारण रंग छान येतो. पण साखर हवेतला ओलावा ओढते आणि गोड वॉफल गार झाला की लवकर मऊ पडतो. गोडाला वरून सिरप आहेच.

वॉफल चिकटतो ही तक्रार वेगळी. साचा पुरता तापण्याआधी पीठ ओतणं हे एक कारण. दुसरं म्हणजे स्प्रेच्या डब्यातलं तेल. त्यात लेसिथिन असतं, ते नॉनस्टिकवर जळून चिकट तपकिरी थर करतं आणि मग काही केल्या सुटत नाही. ब्रशने साधं तेल लावा. आधीच थर बसला असेल तर कोमट साच्यावर सोड्याचा ओला लेप पंधरा मिनिटं ठेवून मऊ फडक्याने पुसा, प्लग काढून. आणि वाफ चालू असताना मशीन उघडलंत तर वॉफल मधोमध फाटून अर्धा वर, अर्धा खाली राहतो. तो साच्याचा दोष नव्हे, घाईचा आहे.

खोल चौकोनांचा जाड बेल्जियन वॉफल की इकडचा पातळ? न्यू यॉर्कच्या १९६४ च्या जागतिक मेळ्यापासून बेल्जियन प्रकार अमेरिकेत लोकप्रिय झाला. पण अटलांटाजवळच्या अ‍ॅव्हॉन्डेल इस्टेट्समध्ये १९५५ साली सुरू झालेल्या वॉफल हाउस या हॉटेलसाखळीत अजून पातळच मिळतो. चिकनखाली मला पातळ पसंत आहे. जाडाच्या खळग्यांत सिरपची तळी साचतात आणि आत पोटात तो ब्रेडसारखा राहतो. भारतात मिळणारे साचे बहुतेक जाडच असतात, तिथे पीठ थोडं कमी घाला. इकडून मशीन घेऊन जाणार असाल तर पाठीमागे छापलेलं व्होल्टेज वाचा. इथली मशिनं १२० व्होल्टची असतात, भारतातल्या २३० मध्ये खोचली की पहिल्या वॉफलआधीच धूर.

दोन्ही एकदम ताटात कसे येणार

बहुतेकांचा घोळ इथे होतो. वॉफल आधी करून ठेवतात, मग चिकन तळत बसतात. उलटं करा. चिकन घोळवून जाळीवर ठेवलं की त्या अर्ध्या तासात वॉफलचं कोरडं पीठ मोजून ठेवा. चिकन दोन-तीन घाण्यांत तळून ओव्हनमध्ये जाऊ द्या. शेवटचा घाणा कढईत असताना मशीन तापत ठेवा, अंड्यांचा पांढरा भाग फेसा, पीठ मिसळा. तळलेलं चिकन अर्धा तास थांबतं, वॉफल दहा मिनिटंही मनापासून थांबत नाही. चिकन थांबू शकतं याला जुना इतिहासच आहे: व्हर्जिनियातल्या गॉर्डन्सव्हिल स्टेशनावर कृष्णवर्णीय बायका डोक्यावर ट्रे घेऊन आगगाडीच्या खिडक्यांतून प्रवाशांना तळलेलं चिकन विकायच्या. त्यांचं कवच सुटत असतं तर धंदा चालला नसता. उघड्या ट्रेत होतं ना ते.

ताटात वॉफलवर चिकन ठेवलं की वॉफलचा मधला भाग भिजायला लागतो, हे टळत नाही. मी तुकडा वॉफलच्या कडेला तिरका टेकवतो, अर्धा वर, अर्धा ताटात. सिरप गरम करून वेगळ्या वाटीत द्यायचं, ज्याने त्याने घासाघासाला ओतून घ्यावं. थंड, दाट सिरप जास्त ओतलं जातं आणि सगळंच गार करतं. बरोबर हॉट सॉस हवाच. आमच्याकडे मेपल सिरपमध्ये कांदा-लसूण मसाला चिमूटभर ढवळतात, इथले पाहुणे दोनदा मागून घेतात.

न्यू यॉर्कच्या हार्लेम भागातल्या वेल्स नावाच्या हॉटेलाने १९३८ पासून ही जोडी नावारूपाला आणली. जॅझ वाजवून मध्यरात्री उलटून येणाऱ्या कलावंतांना रात्रीच्या जेवणाला उशीर झालेला आणि न्याहारीला वेळ असायचा, म्हणून दोन्ही एकाच ताटात. हार्लेमच्याच हर्ब हडसन यांनी १९७५ साली लॉस एंजेलिसकडे रॉस्कोज नावाचं हॉटेल सुरू केलं आणि पश्चिमेलाही तिची सवय लागली. पेनसिल्व्हेनियात मात्र याच नावाखाली वेगळाच पदार्थ येतो: वॉफलवर शिजवून सुटं केलेलं चिकन आणि वरून पांढरी दाट ग्रेव्ही. तिथे वॉफल भिजणं हाच हेतू. तेव्हा एखाद्या रविवारी सगळंच फसलं, कवच सुटलं, वॉफल मऊ झाला, तर मांस सोडवून ग्रेव्हीत घाला आणि आज पेनसिल्व्हेनिया पद्धतीचं आहे म्हणून वाढा. आमच्याकडे दोनदा खपलं आहे.

उरलेलं चिकन मायक्रोवेव्हमध्ये टाकू नका, ती पुन्हा वाफेचीच पेटी. ३७५ फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये, जाळीवर, पंधरा मिनिटं. एअर फ्रायर असेल तर त्याहून कमी. वॉफल उरले तर सुटे सुटे गोठवून सकाळी टोस्टरमध्ये.

राहिलं तेल. गार झाल्यावर फडक्यातून गाळा, तळाचा गाळ आत येऊ देऊ नका, तो पुढच्या वेळी जळतो. दोन-तीनदा वापरता येतं. सिंकमध्ये कधीच ओतू नका. बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि बरणीवर मोठ्या अक्षरांत लिहा. मी लिहिलं नव्हतं. गेल्या वर्षी आई इकडे आली होती, आषाढी एकादशीला तिला साबुदाणेवडे तळायचे होते. उपवासाला शेंगदाणा तेलच लागतं, आणि फ्रिजमध्ये ते आयतंच बरणीभर दिसलं. मी वर अंघोळीला गेलो होतो. तेल तापलं, वास दरवळला, आणि खालून हाक आली, "अरे, हे तेल कशाचं आहे?"